पुसलेला प्रसंग

१

एमलिन प्रॉथरो माझ्या रंगभूषेच्या गाडीत शिरला, तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला होता की मी आधी त्याला खुर्चीत बसवून हातात चहा दिला.

"पॉलीन, गेला," तो म्हणाला.

आमच्या युनिटमध्ये 'गेला' म्हणण्यासारख्या वयाचा एकच माणूस होता, आणि त्याचे कल्ले चिकटवायला मी त्याचीच वाट बघत होते.

"ऑब्री?"

"नाही. ऑब्रीचा कालचा टेक."

मला आधी हायसं वाटलं. मग त्याचा अर्थ डोक्यात शिरला, आणि मीही समोरच्या खुर्चीत बसले.

आम्ही त्या शरद ऋतूत यॉर्कशरच्या डोंगराळ भागात, रेव्हन्सगिल हॉल नावाच्या हवेलीत मुक्काम टाकून होतो. सिनेमाचं नाव होतं 'सूप निवतंय, सरकार'. जुन्या उमराव घराण्यांवरचे ते भारदस्त, सुस्कारे टाकणारे सिनेमे असतात ना, त्यांची टिंगल. आमच्या गोष्टीतलं घराणं पार धुळीला मिळालेलं. घरात खायला दाणा नाही, पण तसं कुणी कबूल करायचं नाही. म्हातारा बटलर रोज रिकामी भांडी थाटामाटात वाढतो, आणि मंडळी हवेतलं सूप पिऊन वा वा करतात.

हा बटलर म्हणजे ऑब्री पेल्यू. उभं आयुष्य विनोदी कामं करत आलेला. नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, चेहरा मात्र सगळ्या देशाला पाठ.

आदल्या दिवशी दुपारी जेवणघरातला मुख्य प्रसंग होता. ऑब्री वाक्यं विसरत होता, टेकवर टेक फुकट चालले होते, निर्माता लायनेल फेअरब्रास भिंतीशी उभा राहून दात खात होता. आणि मग शेवटच्या टेकला काहीतरी भलतंच घडलं. रिकामं सूप वाढता वाढता ऑब्री थांबला. लेडीचं काम करणाऱ्या फेनेला स्ट्रँगकडे बघत राहिला. मग हातावरचा रुमाल काढून त्याने तिचं डोकं खसाखसा पुसायला सुरुवात केली.

"पुन्हा ओलं डोकं घेऊन आलीस," तो तिला रागावला. "आई बघेल तर काय म्हणेल? बस इथं. हलू नकोस."

फेनेलाच्या डोक्यावर मी बांधलेला हातभर उंच केसांचा टोप होता. त्यातून पावडरचे ढग उठले. टोप कलंडला, एक पीस सूपच्या भांड्यात पडलं. एवढं करून तो लेडीच्या शेजारच्या खुर्चीत सरळ बसला आणि उमरावाला म्हणाला, "सूप द्या इकडं. पोरगी गारठलीय."

आम्ही सगळे हसून हसून खाली बसलो. दिग्दर्शिका ज्यूडिथ ऑर्मरॉडने 'कट' म्हटलं तेव्हा तिचा आवाज फुटत नव्हता. टाळ्या थांबेनात. आयुष्यभर लोक हा प्रसंग दाखवत राहतील, असं ती म्हणाली, आणि जेवणघराचं काम आजच्या दिवसाने संपलं म्हणून तिने जाहीर केलं. दिवे उतरवायला माणसंही बोलावली.

तोच टेक आता नव्हता.

रोजचं चित्रण दोन डिस्कांवर उतरवून ठेवणं हे एमलिनचं काम. एक डिस्क त्याच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये, दुसरी तबेल्यातल्या ऑफिसात, कपाटात कुलूपबंद. कॅमेऱ्यातली कार्डं सकाळी नेहमीप्रमाणे पुसून नव्या कामाला दिली होती. लंडनहून संकलकाचा फोन आला की शेवटचा टेक पोचलाच नाही, म्हणून एमलिनने दोन्ही डिस्क उघडल्या. दोन्हीकडून तो गायब. चित्रही, आवाजही.

"बिघाड असेल," मी म्हणाले.

"बिघाड एकाच टेकवर बोट ठेवून येत नाही." त्याने कप खाली ठेवला. "लायनेल म्हणतोय, मीच पुसला. चहाच्या वेळेपर्यंत सामान उचलायला सांगितलंय. आणि यापुढे कुठल्या युनिटमध्ये मला कोण उभं करतंय तेही बघतो म्हणाला."

२

विनिफ्रेड ॲस्क्यू खालच्या गावातली. पोलिसात इन्स्पेक्टर होती, निवृत्त झाल्यावर गुडघे आणि कंटाळा दोन्ही वाढले म्हणून आमच्याकडे गर्दीतलं काम करायला आली. जेवणाच्या टेबलावरची बहिरी आत्या तिला मिळाली होती. वाक्य एकही नाही, हनुवटीवर मस मात्र मोठा. तो मी रोज चिकटवायचे. त्या सकाळी तिच्या हनुवटीला हात लावायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं.

तिने मस राहू दे म्हणून सांगितलं आणि काठी उचलली.

लायनेलकडे ती काय बोलली कोण जाणे. पण चहापर्यंत एमलिनविरुद्ध कुणाला फोन करायचा नाही, एवढं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग मला बरोबर घेऊन व्हॅनमध्ये गेली आणि एमलिनला म्हणाली, काय शिल्लक आहे ते आधी दाखव.

शिल्लक सगळंच होतं. ऑब्री अडखळतोय, वाक्य सोडतोय, माफी मागतोय, असे सगळे फुकट गेलेले टेक जागच्या जागी होते. त्यातलं तुकडा तुकडा जोडून प्रसंग कसाबसा उभा करता आला असता.

विनिफ्रेडने ते सगळं शांतपणे पाहिलं. मग काल कोण कोण इकडे आलं होतं ते विचारलं. एमलिनने आधी फेनेलाचं नाव घेतलं. काम आटोपल्याबरोबर, अंगावरचा लेडीचा झगा तसाच ठेवून ती व्हॅनशी आली होती. तो टेक मला ऐकव, म्हणाली. पाहायचा नव्हता तिला, ऐकायचा होता. दिग्दर्शिकेच्या परवानगीशिवाय दाखवता येत नाही म्हटल्यावर गेली.

"कपाटाची किल्ली कुणाकडे?"

लायनेलकडे, एमलिन म्हणाला. लायनेलला ऑब्री पहिल्यापासून नको होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या मनात टीव्हीवरचा एक गाजलेला चेहरा होता. ज्यूडिथने हट्ट धरला, म्हाताऱ्याच्या तब्येतीची हमी स्वतः विमावाल्यांना दिली, तेव्हा कुठे त्याने मान हलवली.

आम्ही लायनेलला ऑफिसात गाठलं. तो तडकला. आपल्याच सिनेमातला सोन्यासारखा तुकडा आपण कशाला पुसू, असं त्याचं म्हणणं; आणि ते खरंही वाटत होतं, कारण बोलताना तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. ऑब्रीबद्दल आपलं चुकलं, असंही त्याने कबूल केलं. मग म्हणाला, फेनेलाला विचारा. म्हाताऱ्याने तिच्याच डोक्यावर चढून अख्खा प्रसंग खिशात घातला. तिच्यासारखी बाई ते गिळेल?

बाहेर आल्यावर विनिफ्रेड काठीवर रेलून उभी राहिली.

"काल मी फेनेलाच्या शेजारी बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही सगळे कॅमेऱ्यामागे होता, तुम्हाला टेबलाखालचं दिसलं नसेल. तिने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. कट झाल्यावरही सोडली नाही."

३

फेनेला स्ट्रँग तोंडाने फटकळ. रंगभूषेच्या गाडीत तिने मला रडवलं नाही असा आठवडा गेला नव्हता. केसाची एक पिन टोचली तरी युनिट डोक्यावर घ्यायची. म्हणून मला तिच्याकडे जायचं म्हटल्यावर धडकी भरली होती.

ती बागेत बाकावर बसली होती. शेजारी ऑब्री, मांडीवर शाल, हातात टोस्ट. ती त्याच्या टोस्टच्या कडा कापून देत होती. आम्हाला पाहून उठली आणि चार पावलं पुढे आली, त्याला ऐकू जाणार नाही अशी.

विनिफ्रेडने विचारलं तेवढ्याचंच तिने उत्तर दिलं. हो, व्हॅनकडे गेले होते. नाही, ऐकायला मिळालं नाही. का ऐकायचं होतं ते सांगणार नाही.

"एका माणसाची भाकरी जातेय, बाई," विनिफ्रेड म्हणाली.

"माहितीय मला." फेनेलाचा आवाज खाली आला. "म्हणून तर रात्रभर डोळा लागला नाही. मी पुसलेलं नाही. पण ज्याने कुणी पुसलं त्याच्या मी पाया पडेन."

पाठीमागून ऑब्रीने हाक मारली. त्याला शाल हवी होती. शाल मांडीवरच होती. फेनेला वळली, त्याच्याजवळ जाऊन तिने ती त्याच्या खांद्यावर घातली, आणि पुन्हा आमच्याकडे आली नाही.

मी म्हणाले, हिचंच काम असणार. विनिफ्रेडने मान हलवली.

"माझ्या लक्षात एक गोष्ट येत नव्हती, ती आता आली. पॉलीन, वैऱ्याने पुसलं असतं तर काय पुसलं असतं? वाईट टेक ठेवून चांगला घालवला असता, हे खरं. पण चित्र घालवलं की झालं. आवाज शोधून, तो दोन्हीकडून काढत कोण बसतंय? इथं आवाजच घालवायचा होता. चित्र त्याच्यासोबत गेलं. फेनेलालाही पाहायचं नव्हतं, ऐकायचं होतं. म्हणजे त्या टेकमध्ये आपल्याला ऐकू न आलेलं काहीतरी आहे, आणि ते कुणीतरी ऐकलंय."

"टेक तर आपण सगळ्यांनी ऐकला."

"आपण हसत होतो," ती म्हणाली.

मग तिने मला विचारलं की आज दिवसभराच्या कामात वेगळं काही झालं का. मी म्हणाले, कसलं वेगळं? सकाळी टोप विंचरत बसले, तेवढ्यात एमलिन आला. कालचा तो उंच टोप. पावडर उडून नुसतं घरटं झालं होतं त्याचं. नाश्त्याच्या वेळी ज्यूडिथने सांगितलं की तो आजच्या आज नीट करून ठेव.

विनिफ्रेड काठी टेकत माझ्याकडे वळली.

"तो टोप लेडी कुठे घालते?"

"जेवणघरात," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. जेवणघराचं काम तर संपलं होतं. ते पुन्हा करावं लागणार हे लंडनहून फोन यायच्या आधी कुणाला कळायचं काहीच कारण नव्हतं.

४

जाता जाता विनिफ्रेड व्हॅनशी थांबली आणि एमलिनला विचारलं की काल ज्यूडिथ आली होती का. आली होती की, तो म्हणाला. दिग्दर्शिकाच ती, रोजच येते, बसून पाहते. काल कानाला हेडफोन लावून बसली आणि त्याला म्हणाली, जा, चहा पिऊन ये. हे सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. ऑफिसातल्या कपाटाची दुसरी किल्ली? ती ज्यूडिथकडे, अर्थात.

ज्यूडिथ जेवणघरात एकटीच होती. लांबलचक टेबल, रिकामी चांदीची भांडी, उतरवलेले दिवे पुन्हा चढवलेले. विनिफ्रेड तिच्यासमोरच्या खुर्चीत बसली, मी दाराशी उभी राहिले. टोपाचं विनिफ्रेडने एका वाक्यात सांगितलं. ज्यूडिथने नाही म्हटलं नाही. उलट तिचे खांदे सैल पडले, जणू कुणीतरी हातातलं ओझं घेतलं होतं.

"काय ऐकलंस तू?" विनिफ्रेडने विचारलं.

ज्यूडिथने टेबलक्लॉथवरून हात फिरवला. मग तिने सांगायला सुरुवात केली.

ऑब्रीला एक मुलगी होती, हॅटी. ज्यूडिथ आणि ती एका वर्गात. शाळा सुटली की दोघी नदीवर पोहायला पळायच्या, आणि अंधार पडायच्या बेताला हॅटीच्या घरी यायच्या. ऑब्रीकाका टॉवेल घेऊन दारातच उभा असायचा. आई बघेल तर काय म्हणेल, असं रागावत एकाच टॉवेलने दोघींची डोकी पुसायचा, आणि सूप प्यायला बसवायचा. एका उन्हाळ्यात ज्यूडिथ आजारी होती, म्हणून हॅटी एकटीच नदीवर गेली. ती घरी आली नाही. पुढे ऑब्रीकाकानेच ज्यूडिथला हाताला धरून या धंद्यात आणलं, आणि हॅटीचं नाव दोघांमध्ये पुन्हा कधी निघालं नाही.

"तो टॉवेल माझ्या डोक्यावरून फिरलाय," ती म्हणाली. "आणि काल माझ्या डोळ्यांसमोर तो तेच करत होता, तेच शब्द बोलत होता, आणि मला ओळखू आलं नाही. मला वाटलं, काय सुचलंय म्हाताऱ्याला. मी सगळ्यात जास्त हसले."

कट झाल्यावर टाळ्यांच्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. पण ऑब्रीच्या कॉलरखालचा माइक चालूच होता.

"व्हॅनमध्ये ऐकलं मी. तो फेनेलाला विचारतो, 'हॅटी, ही माणसं का हसतायत गं?' आणि ती..." ज्यूडिथ थांबली. "मला वाटायचं, त्या बाईला काळीज नाही. ती म्हणते, 'हसू देत त्यांना, बाबा. मी आलेय ना घरी.'"

तिने समोरचं रिकामं भांडं सरळ केलं.

"मग तो म्हणतो, 'ज्यूडी कुठाय? ती पण भिजली असेल.'"

मी दाराबाहेर पाहू लागले. आत ती कोरड्या आवाजात सांगत होती की वाक्यं विसरतो ते वयामुळे, असंच तिला वाटत होतं. किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं. तो टेक सिनेमात गेला असता तर सगळं जग त्याच्यावर हसलं असतं. आवाज संकलकाने ऐकला असता तर विमावाल्यांनी डॉक्टर पाठवले असते आणि ऑब्रीला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. त्याला घरी कुणी नव्हतं. बटलरचे कपडे चढवले की तेवढा वेळ तरी तो कुणीतरी असायचा. म्हणून तिने पुसलं. लायनेल एमलिनवर तुटून पडला तेव्हा तोंड उघडायचं होतं तिला, पण तोंड उघडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

विनिफ्रेड उठली. तिच्या गुडघ्याने कुरकुर केली, ती आम्हाला ऐकू आली.

"त्या म्हाताऱ्याची अब्रू तू झाकलीस, त्याबद्दल मी तुला बोलणार नाही," ती म्हणाली. "पण ती एमलिनच्या अब्रूने झाकलीस. चहाला अजून वेळ आहे."

५

चहाच्या वेळी तबेल्याच्या अंगणात सगळं युनिट जमलं होतं. एमलिनची पेटी व्हॅनच्या पायरीवर बांधून ठेवलेली. ज्यूडिथ सरळ लायनेलसमोर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की टेक मी पुसला. दोन्हीकडून, माझ्या हाताने. एमलिनचा काही संबंध नाही.

लायनेलला आधी ते कळलंच नाही. का, असं त्याने विचारलं.

"मला आवडला नाही," ती म्हणाली.

तो काय काय बोलला ते मी लिहीत नाही. सिनेमा पुरा करण्यापुरतं त्याने तिला ठेवलं, पण तिच्याशी बोलणं सोडलं, आणि नंतर जिथे तिथे सांगत राहिला की हिने हातचा सोन्यासारखा टेक पुसला. तिला पुढे मोठं काम मिळालं नाही. ती त्यावर काही म्हणाली नाही.

एमलिनला तिने बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. मी जवळच त्याची पेटी सोडत होते, म्हणून त्याचं उत्तर माझ्या कानावर पडलं. तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं.

"मला नुसतं सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मीच पुसला असता."

दुसऱ्या दिवशी प्रसंग पुन्हा केला. फेनेला हातातल्या पंख्याआडून ओठ न हलवता ऑब्रीला एकेक वाक्य पुरवत होती आणि तो ते तिच्यामागून म्हणत होता. टोप जागचा हलला नाही. कुणी हसलं नाही. सिनेमा लागला तेव्हा समीक्षकांनी लिहिलं की बाकी गंमत ठीक आहे, पण जेवणाचा प्रसंग बेचव झालाय, आणि बटलरच्या कामात आता जान राहिलेली नाही.

ऑब्रीने ते वाचलं नाही. तोवर तो समुद्राकाठच्या एका वृद्धाश्रमात होता. फेनेला दर रविवारी जायची. आश्रमातल्या बायकांना ती त्याची मुलगीच वाटायची, आणि तिने त्यांचा समज कधी मोडला नाही. वसंतात एकदा ज्यूडिथ आणि मी तिच्याबरोबर गेलो. दिवाणखान्यात दुपारी कुणीतरी सिनेमा लावला होता. आमचाच. ज्यूडिथ तो बंद करायला उठली, पण फेनेलाने तिचा हात धरला, कारण ऑब्री पुढे सरकून बघत होता.

पडद्यावर बटलर रिकामं भांडं घेऊन आला. झाकण उचललं. आतली नसलेली वाफ चुकवायला तोंड किंचित मागे घेतलं आणि थांबला. ऑब्री मोठ्याने हसला. पुन्हा पुन्हा हसला, इतका की शेजारच्या खुर्चीतली बाई झोपेतून जागी झाली. मग त्याने ज्यूडिथच्या गुडघ्यावर थाप मारली. ओळख नसलेल्या प्रेक्षकाला मारावी तशी.

"हा म्हातारा चांगलाय हं. कुठं थांबायचं ते कळतं त्याला. कोण हो हा?"

"ऑब्री पेल्यू," ज्यूडिथ म्हणाली.

त्याने थोडा विचार केला. नाव ओळखीचं नव्हतं.

"पुढं येईल हा," तो म्हणाला, आणि पुन्हा पडद्याकडे वळला.